स्मरणिकेतला तो लेख

पत्राचा गोषवारा: ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या चार विंगांच्या एका गृहसंकुलात राहणाऱ्या वाचक गेली तीन वर्षं तिथल्या गणेशोत्सवाची स्मरणिका संपादित करतात. यंदा संकुलातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने नवसाच्या प्रथेवर लेख दिला. त्यात पैसे भरून लवकर दर्शन घेण्याच्या रांगेवर टीका आहे, ‘पीओपी पाण्यात कधीच विरघळत नाही’ असं विधान आहे आणि ‘नवस म्हणजे देवाला दिलेली लाच’ असं एक वाक्य आहे. रांगेत उभे राहणाऱ्यांना ‘बिनडोक मेंढरं’ म्हटलं आहे. सी विंगमधल्या एका जोडप्याने मुलासाठी केलेल्या नवसाचा, नाव न घेता पण कुणालाही ओळखू येईल असा उल्लेख आहे. शेवटी दुसऱ्या एका धर्माच्या लोकांना टोमणा आहे. मसुद्याचा फोटो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. एक ज्येष्ठ सभासद म्हणतात, ‘भावना दुखावल्या, पोलिसांत जाऊ.’ मुलाचे वडील म्हणतात, ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, एक शब्द बदलायचा नाही.’ सेक्रेटरी म्हणतात, ‘लेख काढा, विषय संपवा.’ वाचक स्वतः श्रद्धाळू आहेत. त्या विचारतात, ‘छापला तर माझ्याच देवाशी प्रतारणा केल्यासारखं वाटतं, काढला तर एका मुलाचं तोंड दाबल्यासारखं. मी काय करू?’

उत्तर:

ताई, तुम्ही पत्रासोबत लेखाची अख्खी प्रत पाठवलीत हे फार बरं केलंत. तुमच्या ग्रुपवर भांडणाऱ्या बहुतेकांनी तो लेख पूर्ण वाचलेला नसणार. त्यांनी फोटोत दिसणाऱ्या सात-आठ ओळी वाचल्या आहेत. दोन वेळा वाचून माझं मत असं झालं की हा लेख छापावा, पण आहे तसा नाही. त्यातली तीन वाक्यं काढावीत, एक दुरुस्त करावं आणि ज्या वाक्यावरून सगळ्यात जास्त गदारोळ चालला आहे ते तसंच ठेवावं.

आधी त्या पोलिसांच्या धमकीचं बघू, कारण ती डोक्यावर असेपर्यंत तुम्हाला शांतपणे विचार करता येणार नाही. ‘भावना दुखावल्या’ एवढ्याने आपल्याकडे गुन्हा होत नाही. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २९५अ होतं, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ झालं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी धर्माचा किंवा धर्मश्रद्धेचा अपमान ‘बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ केलेला असावा लागतो. हे दोन्ही शब्द एकत्र हवेत. मूळ कलम १९२७ साली आलं आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते वैध ठरवलं. मात्र ते ठरवतानाच न्यायालयाने स्पष्ट केलं की अनवधानाने, निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमात बसत नाही. कलम वाचवणारा निकालच कलमाला कुंपण घालणारा आहे. या कलमाखालच्या खटल्याची दखल न्यायालयाने घ्यायची तर सरकारची पूर्वमंजुरी लागते, हेही लक्षात असू द्या.

२८ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, सदा असुरक्षित वाटणाऱ्याच्या मापाने मोजायचा नाही, असं न्यायालय म्हणालं. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या तक्रारींत पोलिसांना आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती करणंच योग्य, असंही त्या निकालात आहे. ‘आज तक्रार, उद्या अटक’ असं चित्र जे तुमच्या ग्रुपवर रंगवलं जातंय, ते कायद्याशी जुळत नाही.

कायद्यात काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय होतं यांत अंतर असतं, हे मात्र खरं. कलम २९९ दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येईल असं) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असं) आहे. पालघर ठाणे जिल्ह्यात होतं तेव्हा, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या एका मुलीला आणि त्या ओळी नुसत्या ‘लाइक’ करणाऱ्या दुसरीला अटक झाली होती. पुढे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा करणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, त्या लढ्याला या घटनेने मोठी चालना दिली. निकाल चांगला लागला, पण त्या मुलींना मधले दिवस काढावे लागलेच. म्हणून घाबरू नका असं मी म्हणणार नाही. तयारी ठेवा. ग्रुपवरची सगळी चर्चा तारखांसह एक्सपोर्ट करून ठेवा, काहीही डिलीट करू नका. मसुद्याची प्रत्येक आवृत्ती तारीख घालून जपा. तुम्ही काय कापलंत, का कापलंत हे त्यावरून दिसेल, आणि दुष्ट हेतू नव्हता याचा याहून चांगला पुरावा नसतो. पोलिसांकडून बोलावणं आलंच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची लेखी नोटीस मागा, तिची प्रत घ्या आणि वकिलासोबत जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा फोन क्रमांकही आहे. तुम्ही ग्रुपच्या अ‍ॅडमिनही आहात म्हणून सांगते: दुसऱ्या सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, त्याच्याशी संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन असल्याने कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितलं आहे.

आता मुलाच्या वडिलांकडे वळू. त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. संविधानाच्या कलम १९(१)(अ) ने दिलेलं स्वातंत्र्य मुख्यतः सरकारने तोंड दाबू नये यासाठी आहे. त्यावर बंधनं घालायची कारणं १९(२) मध्ये मोजून दिली आहेत: सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. ‘धार्मिक भावना’ असं वेगळं कारण त्या यादीत नाही, हे वडिलांच्या बाजूचं. पण आपला लेख अमुक स्मरणिकेने शब्दही न बदलता छापलाच पाहिजे, असा हक्क त्या कलमातून निघत नाही. संपादकाला निवडीचा आणि कात्रीचा अधिकार असतो. तो वापरणं म्हणजे गळचेपी नव्हे. कुणाच्या तरी आवाजाला घाबरून वापरला, तर मात्र गळचेपी होते.

इथे मी तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकापाशी थांबते. तुम्ही लिहिता, ‘श्रद्धेचा आदर राखायचा तर लेख काढायलाच हवा.’ म्हणजे आदर म्हणजे गप्प राहणं, असं तुम्ही धरून चालला आहात. नवसावर सगळ्यात बोचरा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारला? नवसाने मुलंबाळं होत असतील तर नवरा कशाला लागतो, असं तुकोबा विचारून गेले. तुमच्या लेखकाची ‘लाच’ त्यापुढे मवाळ आहे. गाडगेबाबा दिवसा गावाचा रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तनात नवसाच्या बकऱ्यांबद्दल गावकऱ्यांनाच प्रश्न विचारायचे. समोर बसलेले लोक श्रद्धाळूच होते, आणि ते पुन्हा पुन्हा ऐकायला येत होते. नवसाला नावं ठेवणं ही आपल्या भक्तीच्या घरातलीच गोष्ट आहे, बाहेरून आलेला हल्ला नाही. २०१३ सालच्या आपल्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्यातही कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, वारी यांना धक्का न लावता अघोरी प्रथा वेगळ्या काढल्या आहेत. श्रद्धा आणि तिच्या नावाने चालणारा व्यवहार यांत फरक करता येतो. तुम्ही स्वतः रोज अथर्वशीर्ष म्हणता आणि नवस कधी बोलला नाहीत, असं पत्रात लिहिलंय. मग हा लेख तुमच्या श्रद्धेविरुद्ध आहे असं तुम्हाला का वाटलं, याचा जरा विचार करा. मला वाटतं, पोलिसांत जाऊ म्हणणाऱ्या त्या ज्येष्ठ काकांचा राग तुम्ही आपलाच समजून घेतलात.

म्हणून भावना मोजत बसू नका, वाक्यं तपासा. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य प्रथेबद्दल आहे, कल्पनेबद्दल आहे की माणसांबद्दल?

‘नवस म्हणजे देवाला दिलेली लाच.’ हे कल्पनेबद्दल आहे. ते राहू द्या. फक्त लेखकाला सांगा की या वाक्यानंतर कारण द्यायला हवं. आत्ता ते ठोसा मारून पळून जातं. ‘काम झालं तर अमुक देईन, ही अट देवावर घालणं मला भक्ती वाटत नाही’, असं एखादं वाक्य पुढे आलं की वाचणाऱ्याला उत्तर द्यायला जागा मिळते. कुणी म्हणेल, नवस हा सौदा नसतो, संकटात धरलेला हात असतो. तेही खरंच आहे. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या आईने बोललेला नवस आणि टेंडर मिळावं म्हणून बोललेला नवस या एक गोष्टी नाहीत. मुलाने हा फरक लेखात आणला तर लेख निम्म्याने सुधारेल.

‘बिनडोक मेंढरं.’ हे माणसांबद्दल आहे, आणि त्यात युक्तिवाद शून्य. काढा. त्याला एक कसोटी द्या: जे वाक्य तू लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंच्या तोंडावर बोलू शकत नाहीस, ते छापू नकोस. विचार कितीही कडक असू दे, पण तो तोंडावर बोलता यायला हवा.

सी विंगच्या जोडप्याचा उल्लेख. हे माझ्या मते लेखातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे आणि गंमत पाहा, ग्रुपवर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. मूल होण्यासाठी कुणी किती वर्षं वाट पाहिली, हा त्या दोघांचा खासगी विषय आहे. नाव घेतलं नाही म्हणून सुटका होत नाही. ओळख पटत असेल तर बदनामीचा प्रश्नही उभा राहू शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी हे वाक्य जायलाच हवं. आणि ते जोडपं मसुद्याच्या फोटोमुळे आधीच दुखावलं असेल, तर त्यांच्याकडे मुलाने स्वतः जायला हवं. वडिलांनी नाही, तुम्हीही नाही.

दुसऱ्या धर्मावरचा टोमणा. काढा. लेख नवसावर आहे, तो टोमणा नुसता चिकटवलेला आहे. शिवाय दोन समाजांत वैर वाढवण्याबद्दलचं न्याय संहितेचं कलम १९६ याच ठिकाणी लागू शकतं. त्याला दुसऱ्या धर्मातल्या एखाद्या प्रथेवर लिहायचंच असेल तर जेवढी माहिती नवसाबद्दल आहे तेवढी तिथे मिळवावी, आणि मग लिहावं. याच्या उलट बाजूचा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा: हाच लेख संकुलातल्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलाने नवसावर दिला असता, तर मी काय केलं असतं? उत्तर वेगळं येत असेल तर तुमची कसोटी अजून पक्की झालेली नाही.

पीओपीचं वाक्य दुरुस्त करा. पाणी मिळाल्यावर पीओपीचं जिप्सम होतं आणि जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरमागे साधारण दोन ते अडीच ग्रॅम. मूर्तीचं वजन किलोंमध्ये असतं, म्हणून ती तळाशी महिनोन्महिने पडून राहते. ‘कधीच विरघळत नाही’ लिहिलं की विरोधकाला एक चूक सापडते आणि तो सगळा लेख खोटा ठरवतो. ‘फार सावकाश विरघळतं’ लिहा, मूळ मुद्दा जास्त बळकट होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या सूचनांचा हवाला द्या, तोही पुरेसा आहे. रांगेच्या परिच्छेदातही असंच: कुठल्या देवस्थानात, किती रुपयांचा पास, हे त्या देवस्थानाच्या फलकावरून किंवा संकेतस्थळावरून तपासलं असेल तरच आकडा छापा, नाहीतर आकडा गाळा.

एवढं केल्यावर लेख सुमारे नऊशे शब्दांचा उरेल. कापलेली प्रत मुलाला दाखवा आणि त्याची लेखी संमती घ्या. न विचारता बदल करून त्याच्या नावाने छापणं हा त्याच्यावर अन्यायच. तो ‘एक शब्दही बदलणार नाही’ म्हणाला तर लेख परत करा, आणि कारण दोन ओळींत लेखी द्या: कोणती तीन वाक्यं, का. तेव्हा तुमच्यावर गळचेपीचा आरोप झाला तरी उत्तर तुमच्या हातात असेल.

सेक्रेटरींचं काय? त्यांच्याशी बोलण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: स्मरणिकेचा प्रकाशक कोण? संकुलांत गृहनिर्माण संस्था आणि उत्सव मंडळ यांची सरमिसळ झालेली असते. पैसे संस्थेच्या खात्यातून जात असतील आणि प्रकाशक म्हणून सेक्रेटरींचं नाव असेल, तर अंतिम शब्द कार्यकारिणीचा, आणि तो तुम्ही मान्य करायला हवा. पैसे वर्गणीचे आणि जाहिरातींचे असतील, मंडळ वेगळं असेल, तर निर्णय मंडळाचा. दोन्ही बाबतींत ‘मला वाटतं’ वर काम चालवू नका, छोट्या बैठकीत ठराव लिहून घ्या. पुढच्या वर्षासाठी त्याच बैठकीत एका पानाचा नियम करून टाका: लेख अमुक तारखेपर्यंत, मसुदा फक्त तिघांच्या संपादन गटाकडे, ग्रुपवर मसुदा टाकायचा नाही, व्यक्तींचा उल्लेख त्यांच्या परवानगीशिवाय नाही, कुठल्याही धर्माच्या प्रथेवरची टीका चालेल पण तो धर्म पाळणाऱ्यांना शिव्या नाहीत. नियम भांडणाच्या आधी असला की कुणाला तो आपल्याविरुद्ध वाटत नाही. लेखकांच्या मतांशी मंडळ सहमत असेलच असं नाही, ही ओळ पहिल्या पानावर घालतातच, घाला, पण तिच्यावर विसंबू नका. खराब वाक्याला त्या ओळीने काही संरक्षण मिळत नाही.

कुणीतरी ‘संस्थेतून काढून टाकू’ म्हटल्याचंही तुम्ही लिहिलंय. सभासदत्व रद्द करायचं तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे खास बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत हजर सभासदांचं तीन चतुर्थांश बहुमत आणि निबंधकांची मान्यता लागते, तीही संस्थेच्या हिताला बाधा आणणाऱ्या कृत्यासाठी. स्मरणिकेतल्या लेखावरून ते होणं जवळपास अशक्य. ते वाक्य विसरून जा.

माफीनाम्याचा आग्रह होईल, तिथे सावध राहा. दुसऱ्याने टाइप करून आणलेल्या कागदावर मुलाने सही करू नये. त्यात ‘जाणीवपूर्वक’ हा एक शब्द असला तरी उद्या तोच त्याच्याविरुद्ध वापरला जाईल. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ ही ठरावीक ओळही नको. त्यात चूक कबूल होत नाही आणि समोरच्याचं समाधानही होत नाही. त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं, साधारण असं: ‘मसुद्यात मी रांगेतल्या लोकांबद्दल जो शब्द वापरला तो अपमानकारक होता. एका कुटुंबाचा उल्लेख करायला नको होता. दोन्ही मी मागे घेतो. नवसाबद्दलचे माझे प्रश्न मात्र लेखात राहतील, त्यांना कुणी उत्तर लिहिलं तर मला वाचायला आवडेल.’ चूक मागे घेणं आणि मत मागे घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे आत्ता शिकवलं नाही, तर तो एकतर पुन्हा कधी लिहिणार नाही किंवा पुढच्या वेळी दुप्पट जोराने शिव्या लिहील.

ग्रुपवर तुम्ही एकच संदेश टाका आणि मग तिथे वाद घालू नका: ‘फिरणारा फोटो अपूर्ण, असंपादित मसुद्याचा आहे. संपादन चालू आहे. ज्यांना या विषयावर लिहायचं आहे त्यांनी अमुक तारखेपर्यंत नऊशे शब्दांत लेख द्यावा, दोन्ही लेख समोरासमोरच्या पानांवर छापू.’ शब्दमर्यादा सारखी, अक्षराचा आकार सारखा, दोघांच्या मध्ये संपादकीय टिप्पणी नाही. पहिला लेख डाव्या पानावर कुणाचा, हे चिठ्ठी टाकून ठरवा.

हा लेख गणेशोत्सवाच्याच स्मरणिकेत हवा का, अशी शंका तुम्हाला आहे, आणि ती रास्त आहे. आरतीच्या ताटाशेजारी ठेवला जाणारा अंक आहे तो. मंडळाला दिवाळीचा किंवा प्रजासत्ताक दिनाचा अंक जास्त योग्य वाटला तर हरकत नाही. पण मग तारीख लेखी द्या. ‘नंतर बघू’ म्हणजे नकारच असतो, आणि मुलांना तो लगेच कळतो.

शेवटचं राहिलं ते ज्येष्ठ काकांचं. संदेश टाकण्याआधी त्यांच्या घरी जा, एकट्या जा. त्यांनी पूर्ण लेख वाचलेला नाही, तेव्हा कापलेली प्रत घेऊन जा आणि त्यांना वाचू द्या. मध्ये बोलू नका. मग विचारा की उरलेल्यांतलं कोणतं वाक्य खोटं आहे आणि कोणतं नुसतं कडू आहे. खोटं निघालं तर तिथेच दुरुस्त करा. कडू निघालं तर समोरचं पान त्यांच्यासाठी रिकामं ठेवलंय असं सांगा, आणि मुदत दहा दिवसांची द्या. वयस्कर माणसांना टाइप करायला वेळ लागतो. ते हाताने लिहून देणार असतील तर मजकूर टाइप करून देण्याची जबाबदारी त्या मुलावर टाका.